चाक थांबेपर्यंत

डॉकमधून, म्हणजे टेबलावरच्या डिस्क खोचायच्या खोबणीतून, हार्ड डिस्क काढायची असली की मी आधी तिच्या माथ्यावर तळहात ठेवते. स्क्रीनवर ‘आता काढायला हरकत नाही’ असा निरोप आलेला असतो, डॉकचं बटण बंद केलेलं असतं, आत टिक करून हेड आपल्या जागी जाऊन बसलेलं असतं. तरी हाताला एक बारीक थरथर लागत राहते. मिनिटाला 7200 फेरे, म्हणजे सेकंदाला 120. एवढ्या वेगातली तबकडी बटण बंद केलं म्हणून लगेच थांबत नाही. ती थरथर विरत विरत पार नाहीशी झाली की मगच मी डिस्क उचलते. दहा-पंधरा सेकंदांचं काम.

ही सवय आबांच्या ट्रेडलची. आबा म्हणजे माझे सासरे. अमळनेरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा छापखाना होता. पायानं चालवायचं ट्रेडल, त्याच्या एका अंगाला मोठं जड चाक. पाय काढला तरी चाक फिरत राहायचं आणि चाकासोबत मशीनचा जबडा उघडझाप करत राहायचा. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी तिरका बसलेला कागद सरळ करायला आत हात घातला, आणि आबांनी माझं मनगट धरून मागे ओढलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “चाक थांबू दे, बेटा. कागद कोठे पळी नही जात.”

त्यांच्याकडे मी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला शिकले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, उत्तरकार्याच्या चिठ्ठ्या, सखाराम महाराजांच्या यात्रेतल्या दुकानांच्या जाहिराती. काम छापून झालं की फर्मा, म्हणजे जुळवलेला मजकूर, सोडायचा, खिळे रॉकेलनं धुवायचे आणि एकेक अक्षर पुन्हा आपल्या खणात टाकायचं. सकाळी ज्या खिळ्यांनी कोणाच्या घरची हळद छापली, त्याच खिळ्यांनी संध्याकाळी कोणाचा दहावा छापला जायचा. मजकूर जपून ठेवायची सोयच नव्हती. शिसं तेवढंच होतं. छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत आबा भिंतीवरच्या तारेत टोचून ठेवत. तार भरली की सुतळीनं बांधून माळ्यावर. ते आमचं दप्तर.

2008 साली कंप्यूटर आला. इंटेलच्या जी-31 चिपसेटचा बोर्ड, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं एक सॉफ्टवेअर. ज्या गावात 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली विप्रो पुढे कंप्यूटरच्या धंद्यात जगभर गेली, त्या गावातल्या छापखान्यात कंप्यूटर यायला एवढी वर्षं लागली याची आबांना रुखरुख होती. पण तो आला त्या दिवशी त्यांनी स्वतः नारळ फोडला. सगळ्यात जास्त नवल त्यांना एकाच गोष्टीचं वाटलं: छापून झाल्यावर मजकूर सोडावा लागत नाही.

खानदेशातली लग्नपत्रिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवल समजेल. आमच्याकडे पत्रिकेत देवांची नावं थोडी आणि भाऊबंदांची फार. निमंत्रक, व्यवस्थापक, स्नेहांकित, मामा मंडळी, जावई मंडळी, बालगोपाळ. शंभर-दीडशे नावं सहज होतात, आणि त्यातलं एक राहिलं तर रुसवा पुढच्या लग्नापर्यंत पुरतो. म्हणून घरात दुसरं लग्न निघालं की मंडळी जुनी पत्रिका घेऊन येतात आणि म्हणतात, मागचीच नावं घ्या, फक्त फरक करा. मी जुनी फाइल उघडते. ते शेजारी बसून सांगत जातात. ह्यांच्या नावाआधी आता कै. लावा. हा आता इंजिनिअर झाला, ते लिहा. ही सून नवी आली. ह्या दोघा भावांची नावं आता एका ओळीत नको. एकाच घराच्या चार पत्रिका एकापुढे एक ठेवल्या तर त्या घरात काय काय घडलं ते बहुतेक सगळं वाचता येतं. तलाठ्याकडच्या उताऱ्यावर जमीन कळते. माणसं कळायची असतील तर आमच्या फाइली बघाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

आणि ह्याच फाइली मी 2012 च्या वैशाखात घालवल्या.

कंप्यूटरमधली डिस्क केव्हाच भरली होती. मी एक बाहेरची यूएसबी डिस्क घेतली, जुनं काम तिच्यावर टाकलं आणि जागा करायला कंप्यूटरमधलं पुसून टाकलं. ह्याला मी बॅकअप म्हणत होते. त्या दिवशी लग्नाचं काम तुंबलेलं, भारनियमनाची वेळ पाच मिनिटांवर आलेली. कॉपीची खिडकी स्क्रीनवरून गेली, म्हणून काम संपलं असं धरून मी वायर ओढली. पण खिडकी जाते तेव्हा विंडोजचं लिहिणं संपलेलं असतंच असं नाही. थोडा मजकूर अजून मेमरीत थांबलेला असतो, मागून सावकाश डिस्कवर उतरतो. कोणती फाइल कुठे ठेवली याची नोंदवही अर्धी लिहिलेली असताना मी वही हिसकावून घेतली. दुसऱ्या दिवशी डिस्क लावली तर विचारलं, फॉरमॅट करायची का?

अडीच वर्षांचं काम होतं त्यात. दुरुस्ती करणाऱ्यांनी काही फाइली काढून दिल्या, पण नावं गेलेली, नुसते आकडे, आणि निम्म्या उघडत नव्हत्या. त्यात पारोळा तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी करून घेतलेली त्यांच्या कुळाची वंशावळ होती, अकरा पिढ्यांची. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. पुढच्या आवृत्तीसाठी नव्या नावांची यादी घेऊन ते त्याच महिन्यात यायचे होते. मी त्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते आले, बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “प्रूफ शे का?”

प्रूफ होतं. आबांच्या तारेची सवय मी सोडली नव्हती. हिरव्या शाईतल्या त्यांच्या दुरुस्त्यांसकट शेवटचं प्रूफ माळ्यावर सापडलं. बावीस रात्री नाना समोर बसून नावं वाचत गेले आणि मी पुन्हा टाइप करत गेले. वाचता वाचता ते मध्येच थांबायचे. हा प्लेगात गेला. ही बाई माहेरी परतली ती आलीच नाही. हा नर्मदेपलीकडे गेला आणि तिकडचाच झाला. त्यातलं काही छापलं गेलं नाही, पण माझ्या कानात राहिलं.

भाचा तेव्हा जळगावला इंजिनिअरिंगला होता. सुटीत आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मामी, बॅकअप नव्हताच तुमच्याकडे. सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलं होतं फक्त.” बोलणं लागलं, पण खरं होतं. एकच गोष्ट दोन ठिकाणी असेल तर तिला नक्कल म्हणायचं. आणि त्यातलं एक ठिकाण ह्या छपराखाली नसावं.

नवीन कंप्यूटर घ्या, असं तेव्हाही सगळे म्हणत होते, आजही म्हणतात. अडचण अशी की फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे डोंगल, मागच्या पॅरलल पोर्टला लागतं. आजच्या बहुतेक मशीनला ते पोर्टच येत नाही. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच वाचता येण्याच्या सोयीच्या, आधीचे ते फॉन्ट. डोंगल नसलेल्या मशीनवर फाइल उघडली तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं सांडलेली दिसतात. रूपांतर करता येतं, मी बरंचसं केलंही आहे, पण जोडाक्षरं तुटतात, रफार सरकतो, आणि दीडशे नावांत एक रफार चुकला तर तो कोणाच्या तरी वडिलांच्या नावातला असतो. म्हणून जुनं मशीन ठेवायचं आणि त्यालाच चालू असताना डिस्क लावता-काढता यावी अशी सोय करायची, हे मी आणि भाच्यानं ठरवलं.

चालू असताना, ह्यावर माझा हट्ट होता. कारण मला स्वतःचं मन ठाऊक आहे. नक्कल करायला मशीन बंद करा, डबा उघडा, पुन्हा सुरू करा, असं असेल तर लगीनसराईत ते काम उद्यावर जाणार. यूएसबीवर भागलं असतं, पण ह्या मशीनला यूएसबी 2.0. कागदावर सेकंदाला 480 मेगाबिट. प्रत्यक्षात हाती लागतात 30 मेगाबाइटच्या आसपास. माझे 180 जीबी पूर्ण उतरायला पावणेदोन तास. तेवढ्या वेळात आमच्याकडची वीज दोनदा जाऊन येते.

साटा, म्हणजे आमच्या बोर्डाला डिस्क ज्या जोडानं लागते तो. साटा डिस्क ही मुळातच चालू मशीनला लावता येईल अशी बनवलेली आहे, हे मला भाच्यानं दाखवलं तेव्हा मी भिंग घेऊन पाहिलं. विजेच्या जोडाला पंधरा पट्ट्या, माहितीच्या जोडाला सात. बारकाईनं बघितलं तर सगळ्या सारख्या लांबीच्या नाहीत. जोड बसताना लांब पट्ट्या आधी टेकतात आणि त्यांतल्या काही अर्थिंगच्या असतात. म्हणजे दोन्ही बाजूंची जमीन आधी एक होते. मग वीज हळू आत येते, एकदम धडकत नाही, आणि बाकीच्या पट्ट्या त्यानंतर. काढताना उलट्या क्रमानं. ज्यानं हे योजलं त्याला माणूस चालू मशीनमध्ये हात घालणार हे आधीच ठाऊक होतं. साटाच्या आधीच्या, आयडीई जोडाच्या डिस्कचं तसं नव्हतं. चाळीस पिनांचा जोड, रुंद पट्टीची वायर, मास्टर-स्लेव्हचा जंपर, आणि चालू मशीनमधून ती ओढली तर डिस्क किंवा बोर्ड जायची भीती.

मग आमच्या बोर्डाला चार साटा पोर्ट असून अडलं कुठे? पहिल्यांदा आम्ही स्वस्तातला मार्ग धरला: आतल्या पोर्टला वायर लावून मागे ई-साटाचं, म्हणजे बाहेरून लावायच्या साटाचं, तोंड काढणारी पट्टी. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू. डिस्क लावून मशीन सुरू केलं तर डिस्क दिसली. चालू असताना लावली तर काहीच नाही. काढली तर मशीन गोठलं. दोन दिवस भाचा बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, एएचसीआय नावाचा पर्याय शोधत होता. चालू मशीनला डिस्क आली-गेली हे कळण्यासाठी बोर्ड त्या पद्धतीनं बोलणारा लागतो. जुन्या आयडीईसारखं वागणाऱ्या बोर्डाला आल्या-गेल्याची जाणीवच नसते. शेवटी त्याला सापडलं की जी-31 च्या जोडीला डिस्क सांभाळणारी जी आयसीएच-7 चिप असते, तिच्या साध्या आवृत्तीत एएचसीआय दिलेलंच नाही. बायोसमध्ये पर्याय कुठून असणार? आणि असता तरी एक्सपीला एएचसीआय स्वतःहून समजत नाही. ड्रायव्हर आधी न घालता पर्याय बदलला तर मशीन सुरू होतानाच निळा पडदा दाखवतं. ज्यांच्याकडे असं जुनं मशीन आहे आणि पट्टी लावूनही डिस्क दिसत नाही म्हणून जे डिस्कला दोष देताहेत, त्यांनी हे आधी तपासावं. आम्ही चांगली डिस्क दुकानात परत द्यायला निघालो होतो.

उपाय होता वेगळ्या कार्डाचा. बोर्डावर जादा कार्ड बसवायचा, पीसीआय एक्स्प्रेसचा एक छोटा रिकामा खण होता. त्यात सिलिकॉन इमेजच्या 3132 चिपचं दोन ई-साटा तोंडांचं कार्ड बसवलं. त्याला एक्सपीचा ड्रायव्हर मिळतो, आणि चालू मशीनला लावणं-काढणं त्या चिपला येतं. आतली डिस्क होती तिथेच, जुन्याच पद्धतीनं चालत राहिली, तिला कोणी हात लावला नाही. जुन्या मशीनच्या बाबतीत मला हे फार महत्त्वाचं वाटतं. चालतंय ते हलवू नये. नवं येईल ते बाजूला उभं करावं.

ई-साटाचं तोंड आतल्या साटासारखं दिसत असलं तरी वेगळं असतं. आतल्याचा एल आकाराचा खाचा त्याला नसतो, वायर जास्त जाड आवरणाची, आणि लांबी दोन मीटरपर्यंत चालते. आतला जोड साधारण पन्नास वेळा काढण्या-घालण्यासाठी बनवलेला असतो, बाहेरचा हजारो वेळांसाठी. टेबलावर डॉक आला. त्यात उघडी डिस्क उभी खोचायची. पावणेदोन तासांचं काम पाऊण तासावर आलं. डिस्क एक टीबीचीच घेतली, कारण दोन टीबीच्या पुढचं एक्सपीच्या जुन्या विभागणीत मावत नाही. आणि विभागणी भाच्यानं त्याच्या लॅपटॉपवर करून आणली. नव्या डिस्क आतून 4096 बाइटच्या कप्प्यांच्या असतात. एक्सपी आपला पहिला विभाग 63 व्या सेक्टरपासून आखतो, तो त्या कप्प्यांच्या काठाशी जुळत नाही आणि लिहिणं मंदावतं. विंडोज 7 ची आखणी जुळते. शेताचा बांध एकदा चुकीचा पडला की दरवर्षी नांगर अडतो, तसंच हे.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघंही विसरलो. ई-साटाच्या वायरीतून वीज येत नाही. डॉकला स्वतःचा अडॅप्टर असतो. कंप्यूटर यूपीएसवर होता आणि अडॅप्टर भिंतीतल्या बोर्डात. वीज गेली, कंप्यूटर चालू राहिला आणि समोरची डिस्क लिहिता लिहिता गप्प झाली. ह्या वेळी मूळ फाइली जागेवर होत्या, म्हणून नुकसान झालं नाही. पण त्या शांततेनं माझ्या पोटात जो खड्डा पडला तो 2012 चाच होता. त्याच संध्याकाळी अडॅप्टर यूपीएसवर घेतला.

डिस्क तीन आहेत. कंप्यूटरला आम्ही तापी म्हणतो आणि डिस्कांना बोरी, गिरणा, पांझरा. तिन्ही तापीला मिळणाऱ्या. बोरी अमळनेरची, ती दुकानाच्या कपाटात. गिरणा भाच्याकडे जळगावला. पांझरा धुळ्याला, माझ्या धाकट्या बहिणीकडे. बोरीवर रोज उतरवते, बाकीच्या दोघी आलटून पालटून महिन्याला येतात. कोणती कुठे आहे हे पाठ करावं लागत नाही, नदीचं गाव ठाऊक असलं की झालं.

धुळ्याला डिस्क ठेवताना मला एक वेगळंच समाधान वाटतं. इतिहासाचार्य राजवाडे शेवटच्या काळात तिथे होते, 1926 च्या डिसेंबरात तिथेच वारले. गावोगाव हिंडून जुन्या वाड्यांतली दप्तरं त्यांनी गोळा केली. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर, दोन्हीकडे जुनी हस्तलिखितं जपलेली आहेत. माझ्या लग्नपत्रिका त्या तोलाच्या नाहीत. पण घराच्या माळ्यावरचं दप्तर वाळवीचं होतं आणि घराबाहेर गेलेलं टिकतं, हे त्या गावाला माहीत आहे.

उन्हाळ्यात वेळ बदलते. एप्रिल-मे मध्ये दुपारी आमच्या पुढच्या खोलीत पंख्याखालीही 42-43 अंश होतात. बहुतेक डिस्कची मर्यादा 60 अंशांची, आणि चालत असताना डिस्क खोलीपेक्षा बरीच गरम होते. म्हणून वैशाखात मी पहाटे साडेपाचला, सडा टाकण्याआधी, नक्कल लावते. पावसाळ्यात डिस्कच्या डब्यात बुटांच्या खोक्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकते. तापीला इंटरनेट जोडलेलं नाही. 2014 च्या एप्रिलात एक्सपीचा आधार बंद झाला तेव्हाच वायर काढली. तरी गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून काय काय येतं. एकदा सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसले होते. त्या दिवशी बोरी लावलेली असती तर तिच्यावरही तेच झालं असतं. ती कपाटात होती.

डिस्क काढताना आधी सांगावं लागतं, हे आमच्याकडच्या नव्या मुलाला शिकवायला वेळ लागला. खालच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर जायचं, डिस्कचं नाव निवडायचं, तिचं हातातलं काम पुरं होऊ द्यायचं. कधी कधी मशीन म्हणतं, आत्ता नाही, कोणीतरी फाइल उघडून बसलंय. मग ती फाइल शोधून बंद करायची, जोर करायचा नाही. मी त्याला म्हटलं, तू घरातून निघताना आईला हाक देतोस ना? तसंच. त्याला लगेच कळलं.

गेल्या महिन्यात एक घर आलं. नातीचं लग्न. 2014 ची फाइल मी उघडली, मोठ्या नातवाच्या लग्नाची. निमंत्रक म्हणून पहिलंच नाव आजोबांचं होतं. त्यांचा मुलगा म्हणाला, कै. लावा. मी लावलं. मग त्यानं नावं एकेक करून खाली वाचली आणि एका ठिकाणी बोट ठेवून गप्प बसला. मी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, “हाई नाव राहू द्या. तसंच.” मी तसंच ठेवलं. फाइल नव्या नावानं जतन केली, जुनी जुन्या नावानं राहिली.

त्या शनिवारी बहीण धुळ्याहून आली होती. मी गिरणा आधीच भाच्याकडे धाडली होती, पांझरा डॉकमध्ये होती. नक्कल संपली, मी चिन्हावर जाऊन डिस्क मोकळी केली, बटण बंद केलं, तळहात ठेवला. बहिणीची एसटी सव्वापाचची. ती पिशवी घेऊन दारात उभी. पिशवीत कळण्याची भाकरी आणि ठेच्याची बरणी.

“आक्का, सगळं शे ना त्यात?”

“शे. थांब जरा.”

हाताखालची थरथर बारीक झाली, मग गेली. मी डिस्क टॉवेलात गुंडाळली, डब्यात ठेवली आणि डबा भाकरीच्या वर, ठेच्यापासून लांब. ती म्हणाली, “येस मंग.”